परतीचा पाऊस सरताना फर्न, मॉस, सायकस आणि अझोलाची निगा

परतीचा पाऊस निघून गेला की आपल्याकडच्या रोपवाटिकांत सगळ्यात आधी माना टाकतात ते फर्न, म्हणजेच नेचे. जमीन अजून ओली असते, पण हवेतला ओलावा उतरलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन पानांच्या कडा भाजून काढतं. अशा वेळी बरेच जण दिसेल त्या कुंडीत पाइप सोडतात. मग फर्न तर जातोच, शेजारचा सायकस, म्हणजे ते ताडासारखं दिसणारं शोभेचं झाडही बुडाशी कुजतं.

मॉसच्या, म्हणजे ओल्या भिंती-दगडांवर वाढणाऱ्या मखमली हिरव्या झाडोऱ्याच्या, कुळाला ४० कोटींहून जास्त वर्षं झाली, नेच्यांना ३५ कोटींहून जास्त. फुलझाडं त्यांच्यापुढे फार अलीकडची. म्हणून ही झाडं कुठेही तग धरतील असं वाटतं, पण ती टिकली ती आपापली जागा घट्ट धरून. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर जत-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. एकाच सल्ल्यावर दोन्हीकडे चालणार नाही. झाड पाणी कसं घेतं ते आधी बघा आणि त्याप्रमाणे कुंड्यांच्या रांगा वेगळ्या करा.

फर्नची मुळं वरवर पसरतात. त्याला ७५ टक्क्यांचं शेडनेट, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी जाड वाळू असं भुसभुशीत मिश्रण द्या. माती किंचित आंबट हवी, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. मिरज, तासगाव, पलूस भागात खरी अडचण पाण्याची आहे. विहीर-बोअरचं पाणी क्षारट असेल तर पानांची टोकं करपतात, आणि आपण ते रोग समजून फवारत बसतो. शेवटच्या सरींचं पत्र्यावरचं पाणी टाकीत धरून ठेवा, ते फर्नसाठीच वापरा. दुपारी कुंडीत पाणी ओतण्यापेक्षा खालची खडी आणि बाजूची गोणपाटं भिजवा. हवा ओली राहिली की निम्मं काम झालं. खत अगदी पातळ, विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅमच्या वर नको. महाबळेश्वर-पाचगणीकडे डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठतं, तिथे रात्री कुंड्या छपराखाली घ्या.

पानामागे तपकिरी ठिपके दिसले की लगेच औषध मारू नका. ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत, तीच तुमची पुढची पिढी. वेडेवाकडे विखुरलेले आणि नखाने खरवडल्यावर सुटणारे ठिपके असतील तर मात्र खवले कीड समजा. पिकलेले पुंजके असलेलं पान कागदी पाकिटात वाळवा. उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या मिश्रणावर ती भुकटी नुसती भुरभुरा, मातीने झाकू नका. वर काच ठेवा आणि पाणी खालच्या ताटातून द्या. काही आठवड्यांत हिरवे, हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसतील. आता मात्र वरून बारीक फवारा हवाच, कारण नेच्याची नरपेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपेशीपर्यंत जाते. हा थर सुकला तर पापुद्रे हिरवे राहतील, पण रोप येणार नाही. अनेकांचं काम इथेच अडतं.

सायकसचं गणित उलटं. त्याचे पाय कोरडे हवेत. कृष्णा-वारणाकाठच्या काळ्या जमिनीत खड्डा करून लावू नका. मुरूम आणि जाड वाळू घालून उंचवटा करा, माती वरून सुकल्यावरच पाणी द्या. नवा तुरा फुटला की रोज नजर टाका, एका लहान निळ्या फुलपाखराच्या अळ्या कोवळी पानं बघता बघता फस्त करतात. अळ्या हाताने वेचा, पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. बुंध्याची पिल्लं फेब्रुवारीत, तुरा फुटण्याआधी काढा आणि जखम सावलीत सुकवून मगच वाळूत लावा. सायकसचं बी विषारी असतं, पानंही. शेळ्या-गुरं आणि कुत्र्यांपासून झाड दूर ठेवा.

मॉसला खरी मुळं नसतात, ते सगळ्या अंगाने पाणी पितं. म्हणून खताचं पाणी त्यावर पडू देऊ नका. वाळलं तरी फेकू नका, बहुतेक मॉस पाणी मिळताच पुन्हा हिरवं होतं. बोन्सायसाठी हवं असेल तर स्वतःच्या विहिरीच्या कठड्यावरचं घ्या. कोयना अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानातून मॉस, नेचे किंवा वृक्षनेच्याचं खोड उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय ओढ्याकाठची ती झाडं कुंडीत बहुधा जगत नाहीत. दोन पैशांसाठी ती जागा ओरबाडू नये, असं मला मनापासून वाटतं.

दूध उत्पादकांसाठी अझोला. हाही नेचाच, पाण्यावर तरंगणारा. पानातल्या पोकळीत राहणारं नीलहरित शेवाळ त्याला हवेतला नत्र पुरवतं. पाणी १० ते १५ सेंटिमीटर ठेवा. दोन बाय दोन मीटरच्या वाफ्याला आठवड्याला एक किलो ताजं शेण आणि २० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट पुरतं. २० ते ३० अंश तापमानात तो जोमात वाढतो, पारा ३५च्या वर गेला की वाढ खुंटते. ऑक्टोबरात वाफ्यावरची सावलीची जाळी घट्ट ठेवा, थंडीत सैल करून कोवळं ऊन येऊ द्या. पानं लालसर झाली तर थंडी, कडक ऊन किंवा स्फुरदाची कमतरता, तिन्ही तपासा. दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला, आणि जनावरापुढे टाकण्याआधी अझोला स्वच्छ धुऊन सुरुवातीला पेंडीत मिसळून द्या, शेणाचा वास राहिला तर गाय तोंड लावत नाही.