याकुब श्विंका वर्गात कसा शिकवावा

मी जन्मसालापासून सुरुवात करत नाही, मुलं पेंगतात. थेट १२८५ ची वेंचित्साची धर्मसभा घ्या. पोलंडमधल्या ग्न्येझ्नोच्या या आर्चबिशपने, म्हणजे श्विंकाने, ठरवून दिलं: रविवारी पाद्रींनी प्रार्थनांचा अर्थ पोलिशमध्ये समजावावा, पोलिश न येणाऱ्याला शाळेवर नेमू नये. इथे थांबा, मुलांना वाद घालू द्या. जर्मन पाद्रींवरचा त्याचा राग झाकू नका.

मग फळ्यावर राजपुत्रांनी वाटून घेतलेला पोलंड काढा. १२९५ मध्ये श्विंकाने दुसऱ्या प्शेमिस्लला मुकुट घातला. पुढच्याच वर्षी राजाचा खून. १३०० मध्ये मुकुट बोहेमियाच्या (आजच्या चेकियातल्या) राजा वात्स्वावला, तोही श्विंकाच्याच हातून. का, हे मुलांनाच विचारा. (मला अजून बावळट उत्तर मिळालेलं नाही.) १३१४ मध्ये श्विंका वारला, म्हणून १३२० चा पोलंडच्या राजा वोक्येतेकचा राज्याभिषेक त्याच्या नावावर खपवू नका.