अंधाऱ्या वाटेसाठी सायकलचा स्वस्त पुढचा दिवा

दिवे नसलेल्या वाटेवर मिणमिणता दिवा फक्त समोरच्याला आपण दिसावं एवढ्यापुरताच. खड्डा दिसायला खरे ३०० ते ५०० ल्युमेन (उजेडाचं माप) लागतात. 'खरे' मुद्दाम म्हटलं, कारण स्वस्त दिव्यांच्या खोक्यावरचे हजारोंचे आकडे बहुधा थापाच असतात. बॅटरीवरून लगेच कळतं: अशा दिव्यांत असतो त्या एका १८६५० सेलची (बोटाएवढा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) क्षमता साधारण ३५०० एमएएचपर्यंतच असते. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं की दिवा खाली ठेवावा.

ताशी २० किमी वेगाने खड्डा दिसून सायकल थांबेपर्यंत सहज १३-१४ मीटर जातात, म्हणून झोत निदान १५ मीटरवर पडायला हवा. दिवा जमिनीपासून १ मीटर उंच असेल, तर भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करून झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा ३० सेंमी खाली आणावा. मग तो रस्त्यावर सोळा-सतरा मीटरवर टेकतो. गोल झोताचा बराच उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वरची कड कापलेला झोत मिळाला तर कमी ल्युमेनमध्येही भागतं.

खडबडीत वाटेवर रबरी पट्टा घसरून दिवा मान टाकतो. जुन्या ट्यूबचा तुकडा हँडलला गुंडाळून त्यावर पट्टा आवळावा. पावसासाठी आयपीएक्स४ (सगळीकडून उडणारं पाणी सोसणारा दर्जा) चालतं, पण चार्जिंगचं झाकण घट्ट बसलेलं हवं. पाणी शिरतं ते तिथूनच. लुकलुकणारा मोड अशा वाटेवर नकोच, अंतराचा अंदाज चुकतो.

पूर्ण उजेडावर बॅटरी किती वेळ टिकते ते घरी मोजावं, पंखा लावून. वारा नसेल तर दिवा तापतो आणि आपोआप मंद होतो.