नकोशा कुत्र्यासाठी नवे घर शोधताना

‘आमचे कुत्रे घेऊन जा’ असा फोन आला की प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या स्वयंसेवकाने गाडी काढण्यापूर्वी कारण नीट विचारून घ्यावे. बदली, घरमालकाची तक्रार, नवे बाळ, रात्रीचे भुंकणे ही नेहमीची कारणे आहेत. यांपैकी भुंकणे आणि नासधूस पुष्कळदा दोन वेळच्या फिरण्याने आटोक्यात येते, आणि कुत्रे आहे त्याच घरी राहिले तर त्यासारखे उत्तम काही नाही. ‘मग मिरज स्टेशनवर सोडतो’ असे म्हणणाऱ्याला, पाळीव जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे न चिडता सांगावे. कुत्रे ताब्यात घ्यायचेच ठरले तर मालकाच्या सहीचे संमतिपत्र आणि लसीकरणाची पुस्तिका दोन्ही मागून घ्यावीत, कारण महिन्याभराने घरातलाच दुसरा कोणी हक्क सांगत येतो.

गल्लीतले धडधाकट कुत्रे मात्र उचलू नये. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेले भटके कुत्रे पकडले त्याच जागी परत सोडायचे असते.

सांगलीसारख्या ठिकाणी लहान संस्थेचे काम निवारागृहापेक्षा स्वयंसेवकांच्या घरांवरच चालते, आणि म्हणून घरातल्या इतर जनावरांपासून नवे कुत्रे दोन आठवडे वेगळे ठेवणे टाळता येत नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य जुलाबाच्या रोगाचा विषाणू जमिनीत अनेक महिने तग धरतो. ज्या अंगणात पार्व्होने पिल्लू दगावले, तेथे लस अपुरी असलेले पिल्लू लगेच आणू नये. आल्या दिवशी कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहावेत, ओठ वर करून हिरड्या तपासाव्यात. त्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसल्या तर गोचीडतापाची शंका धरून पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी करून घ्यावी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. स्वयंसेवकांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी, आणि तरीही चावा बसला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घर निवडताना घाई नको, आणि फोटो पाहून लगेच ‘पाठवून द्या’ म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नये. प्रत्यक्ष घरी जाऊन कुत्रे कोठे झोपणार, गावाला गेल्यावर कोण पाहणार हे घरातल्या सर्वांसमोर विचारावे. एकट्या मुलाच्या हट्टापायी आणलेले कुत्रे परत येते. मळ्यावर राखणीला मागणारे बरेच असतात. त्यातले काही खरोखर जीव लावतात, पण अनेकांच्या मनात दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे असते, हे ओळखावे. तासगाव-मिरज भागात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागते: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे बेदाण्याच्या शेडखाली आणि फवारणीच्या पिंपांजवळ कुत्रे मोकळे फिरू देऊ नये. कृष्णाकाठच्या घरात, २०१९ सारखा पूर आला तर कुत्र्याला बरोबर नेणार का, हेही विचारावे. उत्तर देताना माणूस अडखळला, तर त्याची नोंद करावी.

करारपत्रात नसबंदीची आणि नको झाल्यास संस्थेकडेच परत देण्याची अट असावी. पहिल्या आठवड्यात कुत्रे दार उघडे दिसताच पळण्याचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही बांधावा, दोरी हातातून सोडू नये आणि गळ्यात नव्या मालकाचा व संस्थेचा असे दोन्ही फोन क्रमांक कोरलेला बिल्ला सोपवण्यापूर्वीच अडकवावा.