सोलरखाली पीक घ्यायचंय? आधी पीक ठरवा, मग पोल

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधी सरकारच्या सोलर प्रकल्पाला जमीन भाड्यानं दिली की हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, वर दरवर्षी 3 टक्के वाढ, हलक्या माळरानाला हे काही वाईट नाही. पण तिथं सोलरच्या प्लेटा खाली जमिनीलगत बसवतात, औत फिरत नाही, म्हणजे शेती बंद. दोन्ही पाहिजे असंल तर कंपनीवाल्याला पहिल्या बैठकीतच सांगायचं, पोल उभे राहिल्यावर नाही.

कापूस, ज्वारीला भरपूर ऊन लागतं आणि तूर तर डोक्याच्या वर जाते, ही पिकं सोडून द्या. हळद, आलं, कोथिंबीर, मेथी, पालक ह्यांना अर्धी सावली चालते, उन्हाळ्यात पालेभाजीला तर ती हवीच असते आणि पाणीही कमी उडतं. वसमत-हिंगोलीकडच्यांनी सरळ हळदच लावावी. फक्त उतारा उघड्या रानाएवढा धरून हिशोब मांडू नका.

ट्रॅक्टर घालायचा तर प्लेटांची खालची कड अडीच-तीन मीटरवर पाहिजे आणि दोन पोलांमधी वळायला जागा. उंची वाढली की लोखंड वाढतं, वारंही जास्त लागतं, तेव्हा डिझाइन इंजिनिअरकडूनच, गावातल्या वेल्डरच्या अंदाजावर नको. काळ्या रानात खरी कटकट पायाची आहे, ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरवर खड्डा घेऊन काँक्रीट ओतलं की पोल कलणारच, म्हणून मुरूम लागंस्तोर खाली जायचं.

पावसाचं सगळं पाणी खालच्या कडेवरून एकाच रेषेत पडतं, चर पडतो अन् रोपं झोपतात. पन्हाळ लावून ते शेततळ्यात घ्या. केबल पाइपातून, नांगराच्या तासाच्या बरीच खाली. आपल्याकडं विजा किती पडतात माहितीच आहे, अर्थिंग आणि वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक लावल्याशिवाय कनेक्शन घेऊच नका. फवारणी झाली की काच धुवा, पण सकाळी गार असताना, आणि बोअरचं पाणी खारं असंल तर डाग धरतात.

करारात पीक घ्यायचा हक्क, ट्रॅक्टरनं प्लेट फुटली तर भरपाई कोणाची, आणि मुदत संपल्यावर सांगाडा कोण काढणार हे लेखी पाहिजे. गट सामाईक असंल तर सगळ्या भावांच्या सह्या आधी घ्या, भाडं सुरू झाल्यावर कोणीच सही देत नसतं.