‘क्वालिफाइड’ वाचून पेढे आणू नका

२०२३ ला नीटमध्ये, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत, मला ४१२ मार्क पडले. स्कोअरकार्डावर ‘क्वालिफाइड’ दिसलं आणि पप्पांनी औशाहून दोन किलो पेढे आणून पारावर वाटले. पुढं कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचे, राउंड होत गेले, माझं नाव एकाही यादीत आलं नाही. गावात विचारायचे, “डॉक्टर, कोणतं कॉलेज?” मी मागच्या गल्लीनं जायला लागलो.

घोळ एका शब्दाचा होता. खुल्या गटाची पात्रता ५० पर्सेंटाइल, राखीव गटांची ४०. मी ते टक्केच समजत होतो. ७२० चे पन्नास टक्के ३६०, आपण तर त्याच्याही वर! पण त्या वर्षी ५० पर्सेंटाइल १३७ मार्कांवरच होतं. म्हणजे बसलेल्या वीस लाखांतली निम्मी लेकरं तुमच्या मागं, बस. पात्र अकरा लाखांच्या वर, एमबीबीएसच्या जागा देशात तेव्हा लाखभर आणि त्यातल्या सरकारी जेमतेम निम्म्या. परत वाचा. पात्र म्हणजे फॉर्म भरायची परवानगी, नंबर लागला असं नाही. एजंटांना हे पक्कं ठाऊक असतं. निकालानंतर मला रशियापासून मॅनेजमेंट कोट्यापर्यंत सगळ्यांचे फोन आले. एकही उचलू नका.

मार्कांवरूनही अंदाज बांधू नका. २०२४ ला मार्क असे फुगले, की ६५० वाल्यांची रँकसुद्धा आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी मागं गेली. गेल्या वर्षीच्या कॅप यादीत आपल्या प्रवर्गाची शेवटची रँक कॉलेजवार बघा: घाटी (संभाजीनगरचं सरकारी कॉलेज), नांदेड, लातूर, अंबाजोगाई.

आणि खचू नका. नीट तुमचा कल मोजत नाही. ताईच्या वेळी दहावीला बोर्डाची कलचाचणी असायची, तिच्यावर प्रवेश काही मिळायचा नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेशाला युकॅट नावाची परीक्षा घेतात, त्यात बायोलॉजी नसतेच. तर्क आणि अडचणीत कसं वागाल ते विचारतात. आपल्याकडं तसं काही नाही. त्यामुळं ४१२ पडले म्हणून तुम्ही डॉक्टर व्हायच्या लायकीचे नाही, असं कुणी म्हणालं तर सरळ उठून या.

मी रिपीट केलं. सल्ला मात्र टॉपरकडून घेतला नाही, बॅनरवरच्या पोरांना यादीत नाव नसणं काय असतं ते माहीतच नसतं. दोनदा हुकलेला एक दादा मेसवर भेटला, त्यानं वहीच्या मागच्या पानावर रँका लिहून दिल्या. अंबाजोगाईला ॲडमिशन झाली तेव्हा पप्पांनी पावती दोनदा वाचली, मग पेढेवाल्याला फोन लावला.