कर्नलच्या हेडरमधल्या वॉर्निंग कशा काढाव्यात

लिनक्स कर्नल बिल्ड करताना सी फाइलमधली कंपायलरची वॉर्निंग एकदाच दिसते. हेडरमधली, म्हणजे अनेक फाइलींनी वापरायच्या सामाईक फाइलीतली, मात्र ते हेडर इन्क्लूड करणाऱ्या प्रत्येक फाइलीसोबत पुन्हा उमटते, आणि त्या गर्दीत खरा बग नजरेतून सुटतो. म्हणून सफाई हेडरपासूनच सुरू करावी.

पहिल्यांदा मेक क्लीन करा. जी फाइल पुन्हा कंपाइल होत नाही, तिच्या वॉर्निंगही दिसत नाहीत. मग लिनक्समध्ये मेकला डब्ल्यू=१ (जादा वॉर्निंगची पहिली पातळी) देऊन बिल्ड करा आणि एरर आउटपुट फाइलीत साठवा. दुबार ओळी गाळल्या की यादी बरीच आटोपशीर होते. डब्ल्यू=२ इतक्यात नको, त्याचा गोंगाट फार.

आता एकेक प्रकार हाती घ्या. हेडरमधल्या फंक्शनला नुसतं स्टॅटिक लावलेलं असेल, तर ते न वापरणाऱ्या प्रत्येक फाइलीत जीसीसी कंपायलर तक्रार करतो. तिथे स्टॅटिक इनलाइन करा. एखादा कॉन्फिग पर्याय बंद असताना फंक्शनच्या जागी रिकामा मॅक्रो (कंपाइलआधीच दुसऱ्या मजकुराने बदललं जाणारं नाव) ठेवलेला असतो. तो आर्ग्युमेंट गिळून टाकतो आणि कॉल करणाऱ्याकडचं व्हेरिएबल ‘न वापरलेलं’ ठरतं. तिथेही रिकामं स्टॅटिक इनलाइन फंक्शनच लिहा, म्हणजे पर्याय बंद असतानाही टाइप तपासले जातात.

सर्वांत जपून हाताळायची ती शॅडोची वॉर्निंग, म्हणजे आतल्या व्हेरिएबलने बाहेरचं त्याच नावाचं व्हेरिएबल झाकल्याची; ती डब्ल्यू=२ ला येते, म्हणून ती पातळी आता लावा. समजा, मॅक्रोच्या आत ‘इंट रेट = (एक्स);’ अशी ओळ आहे आणि कोणी एक्सच्या जागी स्वतःचं ‘रेट’ दिलं. विस्तारानंतर ती ‘इंट रेट = (रेट);’ होते. उजवीकडचं रेटही आतलंच, म्हणजे अजून किंमतच न मिळालेलं! ही वॉर्निंग दाबू नका. शक्य असेल तर मॅक्रोचं इनलाइन फंक्शन करा. मॅक्रोच हवा असेल, तर आतल्या नावासाठी कर्नलचा युनिक आयडी मॅक्रो (दरवेळी वेगळं नाव देणारा) वापरा. मिन आणि मॅक्समध्ये तोच वापरला आहे.

कास्ट (टाइप जबरदस्तीने बदलणं) टाकून कंपायलरला गप्प करणं मला अजिबात पटत नाही. त्याने टाइपमधली विसंगती तशीच राहते आणि पुढच्या माणसाला ती दिसतही नाही.

यूएपीआय फोल्डरमधल्या, म्हणजे यूजर प्रोग्रॅमही वापरतात त्या, हेडरना वेगळा नियम. स्ट्रक्चरमधल्या फील्डचा आकार किंवा क्रम बदलला, तर आधी कंपाइल झालेले यूजर प्रोग्रॅम मोडतात. वॉर्निंग जावी म्हणून तिथे हात घालू नका.

बदलानंतर जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरनी, ३२ आणि ६४ बिट दोन्हींसाठी बिल्ड करा. ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळे पर्याय मॉड्यूल म्हणून चालू करणारं कॉन्फिग) एकदा तरी चालवा. नुसती सफाई असेल, तर ऑब्जेक्ट फाइलीतला मशीन कोड सहसा तसाच राहतो. ऑब्जडंपने (ऑब्जेक्ट फाइलीतला मशीन कोड दाखवणाऱ्या टूलने) आधीचा आणि नंतरचा ताडून पाहा. फरक दिसला तर त्याचं कारण सापडेपर्यंत पॅच पाठवू नका.

एका पॅचमध्ये एकाच प्रकारची दुरुस्ती ठेवा. कमिट मेसेजमध्ये वॉर्निंगचा मूळ मजकूर जसाच्या तसा द्या, कंपायलरची आवृत्तीही लिहा.