लाउटरब्रुनेनमध्ये नदीवरून दिशा ओळखा

स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन हे गाव दोन उभ्या कड्यांमधील अरुंद दरीत वसलेले असल्यामुळे कोणते ठिकाण कोणत्या बाजूला आहे, याचा नवख्या प्रवाशाचा हमखास गोंधळ उडतो.

१. वाइसे ल्युचिने नदी गाठा आणि पाणी जिकडून येते तिकडे तोंड करून उभे राहा. ती दक्षिण दिशा होय.

२. आता उजव्या हाताच्या कड्यावरून सुमारे ३०० मीटर कोसळणारा श्टाउबबाख धबधबा दिसेल आणि त्याच कड्याच्या माथ्यावर म्युरेन हे गाव आहे. डावीकडे वर वेंगेन हे गाव आणि समोर डावीकडे युंगफ्राऊचे शिखर.

३. डोंगराच्या पोटातून हिमनद्यांचे पाणी वाहून आणणारे त्र्युमेलबाख धबधबेही डावीकडेच, पण गावापासून सुमारे तीन किलोमीटर पुढे आहेत.

श्टाउबबाखचा कडा पूर्वाभिमुख असल्याने त्याची छायाचित्रे सकाळी घ्यावीत, कारण दुपारनंतर तो सावलीत जातो. वेंगेनची बाजू मात्र तेव्हाच उजळते, म्हणून दिवसाचा क्रमही असाच ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

श्टाउबबाखच्या मागे जाणारी पायवाट आणि त्र्युमेलबाख, दोन्ही हिवाळ्यात बंद असतात. त्या काळात जाणार असाल, तर त्यांवर बेत आखू नका.